डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स येतंय, आईच्या कामाचं काय होणार?

धरणगाव तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय: "आई अकरा वर्षांपासून जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये डाळ निवडते. दिवाळीनंतर डाळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन येणार असं मालकांनी सांगितलंय. निवडायला चौदा बायका आहेत, कुणाला ठेवणार ते सांगत नाहीत. मी बी.कॉम. करून मार्केट यार्डात एका आडत दुकानावर टॅली आणि जीएसटीचं काम करतो. आता बिलं सॉफ्टवेअरच वाचून घेतं, त्यामुळे माझंही किती दिवस चालेल माहीत नाही. नवीन तंत्रज्ञान आलं की बेरोजगारी वाढतेच का? की नवीन कामं निघतात म्हणतात ते खरं? आम्ही दोघांनी काय करावं?"

भाऊ, तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करतो. मी आयटीआय फिटर. १९९७ पासून डाळ मिलच्या मशिनरीत आहे. आधी एका मिलमध्ये मेंटेनन्सला होतो, नंतर स्वतः मशिनरी उभारणीची आणि दुरुस्तीची कामं घ्यायला लागलो. तू ज्या मशीनबद्दल विचारतोस तशी मशीनं मी माझ्या हातांनी बसवली आहेत आणि ती चालू झाल्यावर उठून गेलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. त्यामुळे तुला गोलमोल उत्तर द्यायचा मला अधिकार नाही.

तुझ्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत, ते आधी वेगळे करू. पहिला, मशीन आल्यामुळे एकूण समाजात काम कमी होतं का? दुसरा, मशीन आल्यामुळे तुझ्या आईचं काम जातं का? पहिल्याचं उत्तर, लांबचा काळ धरला तर, बहुतेक वेळा "नाही" असं आलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा "हो" असतं. आणि ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असतात. नवीन काम निघतं, पण ते त्याच माणसाला, त्याच गावात, त्याच महिन्यात मिळेल असं काही नसतं. केन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३० मध्येच मांडलं होतं की माणसांचं काम वाचवायच्या युक्त्या आपण झपाट्याने शोधतो आणि मोकळ्या झालेल्या माणसांना नवीन काम शोधून देण्यात मागे पडतो. तंत्रबदलातून येणारी बेरोजगारी ती हीच. ते म्हणाले होते की हा मधला काळ आहे, पुढे सरून जाईल. पण हा मधला काळ ज्याच्या घरात येतो त्याला किराण्याची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि मुलीची फी असते. तुझा प्रश्न खरं म्हणजे या मधल्या काळाबद्दल आहे आणि मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी मशीन काय करतं ते नीट समजून घे, म्हणजे कुठलं काम जातं आणि कुठलं राहतं ते तुझं तुलाच दिसेल.

आई काय करते ते तुला माहीत आहे. पुढ्यात डाळीचा ढीग, हातात सूप, नजर सारखी खाली. साल राहिलेला दाणा, डागी दाणा, खडा, दुसऱ्या कडधान्याचा दाणा वेचून बाजूला काढायचा. संध्याकाळी मान धरते, डोळे चुरचुरतात. सॉर्टेक्स (हे मूळ एका मशीनचं नाव, पण आपल्याकडे कुठलंही कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून दाणे निवडणारं मशीन, ते सॉर्टेक्सच) हेच काम असं करतं: वरच्या हॉपरमधून (डाळ ओतायच्या नरसाळ्यातून) डाळ व्हायब्रेटरवर येते, तिथून तिरप्या चुटवर (पन्हळीवर) घसरते. चुटच्या खाचांमधून दाणे एकामागे एक ओळीने खाली येतात. खाली दोन्ही बाजूंनी कॅमेरे आणि दिवे असतात. ठरवून दिलेल्या रंगापेक्षा वेगळा दाणा दिसला की त्याच्या समोरच्या बारीक नळीतून हवेचा झटका बसतो आणि तो दाणा रिजेक्टच्या बाजूला उडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे होतं. ताशी काही क्विंटल ते काही टन माल असा निघतो, आणि माणसाला त्याच्याशी वेगात बरोबरी करणं शक्यच नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. सुपाने निवडायचं काम परत येणार नाही.

पण त्याच मशीनच्या बाजूला आठ दिवस उभा राहा, मग दुसरी बाजू दिसते. त्याला लागणारी हवा कोरडी आणि स्वच्छ लागते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी वेळेवर काढलं नाही तर ओल नळीपर्यंत जाते, झटका ढिला पडतो आणि डागी दाणा चांगल्या मालात जातो. डाळीची भुकटी काचेवर बसते. चुटला चिकटपणा आला की दाणे ओळ सोडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काय अवस्था असते ते तुला सांगायला नको, त्यामुळे मशीनच्या खोलीला एसी लागतो, आणि तो बंद पडला की सेटिंग हलतं. व्होल्टेज खाली-वर झालं की आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळतं. शिवाय प्रत्येक गाडीचा माल वेगळा. कर्नाटकातली तूर आणि आपल्याकडची तूर एका सेटिंगवर चालत नाही. सेटिंग कडक ठेवलं तर रिजेक्टच्या पोत्यात चांगली डाळ जाते आणि मालकाचं नुकसान होतं, सैल ठेवलं तर व्यापारी माल परत पाठवतो. म्हणजे निवडायचं काम संपलं, तरी "काय चांगलं, काय वाईट" हे ठरवायचं काम शिल्लक राहतं. फक्त ते चौदा जणींऐवजी एका-दोघांच्या हातात जातं.

मी पहिलं सॉर्टेक्स बसवलं त्या मिलमध्ये बावीस बायका निवडायला होत्या. मशीन चालू झालं त्या दिवशी मालकाने पेढे वाटले, बायकांनाही दिले. पेढा हातात धरून एक वयस्क बाई मला म्हणाल्या, "भाऊ, आते आम्ही काय करानं?" मी म्हणालो, "होईल काहीतरी." इतकं उथळ उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल. सहा महिन्यांनी त्यातल्या पाच मिलमध्ये होत्या, एक किलोच्या पिशव्या भरायला आणि शिवायला. बाकीच्यांपैकी काही कापूस वेचायला गेल्या, दोघी-तिघी रावेर-सावद्याकडे केळीच्या पॅकिंगला लागल्या, एकीने धुणीभांडी धरली. आणि बऱ्याच घरीच बसल्या. या घरी बसलेल्या बायका बेरोजगारीच्या कुठल्याही आकड्यात आल्या नसतील, कारण ज्याने काम शोधणंच सोडलं त्याला बेरोजगार मोजत नाहीत. आकडे वाचताना एवढं लक्षात ठेव.

आता मालकाची बाजूही सांगतो, कारण ती समजल्याशिवाय आईला मालकाशी बोलता येणार नाही. त्या काळात त्या मिलच्या जवळ दुसरी एक मिल होती. त्या मालकाने ठरवलं की मशीन घ्यायचं नाही, बायका आहेत तशा ठेवायच्या. माणूस चांगला होता. पण बाजारात "सॉर्टेक्स माल" आणि "साधा माल" असे दोन भाव निघाले. मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांनी साधा माल घ्यायचं कमी केलं. आधी त्याच्या बायकांना आठवड्यातले चारच दिवस काम, मग दोन दिवस, मग मिलला कुलूप. हमाल, ड्रायव्हर, मुनीम सगळेच घरी. मशीन घेतलेल्या मिलमध्ये सतरा कामं गेली, न घेतलेल्या मिलमध्ये सगळीच गेली. म्हणून "मशीन येऊ देऊ नका" असा सल्ला मी तुला देणार नाही. त्याने आई वाचत नाही.

हे गणित आपल्या खान्देशाने यापूर्वी मोठ्या प्रमाणावर भोगलंय. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव ही एके काळी कापड गिरण्यांची गावं. माझे वडील साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. गिरणी बंद झाली तेव्हा लोक म्हणायचे की यंत्रांनी माणसं खाल्ली. मोठेपणी मला उलट दिसलं. आमच्या गिरणीत माग जुनेच राहिले, कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागावर स्वस्त पडायला लागलं, आणि टेरिकॉट आल्यावर सुती कापडाची मागणीही घसरली. तंत्र बदललं ते दुसऱ्याच्या गावात, काम गेलं ते आमच्या. वडिलांचे पैसे पुढे कित्येक वर्षं अडकून पडले आणि त्या काळात आईने पापड लाटून घर चालवलं. तेव्हापासून मशीन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, मधल्या काळाचा खर्च कोण भरणार?

भुसावळला याच्या उलट झालं. कोळशाच्या इंजिनावर आगवाले असायचे, फावड्याने कोळसा टाकणारे. विजेची इंजिनं आली आणि आगवाल्याचं कामच संपलं. पण ती माणसं रेल्वेच्या कायम नोकरीत होती. त्यांना दुसऱ्या कामावर घेतलं, नवीन इंजिनाचं शिक्षण दिलं, निवृत्तीपर्यंत पगार चालू राहिला. तोटा झाला तो पुढच्या पिढीचा, कारण त्या जागा पुन्हा भरल्या नाहीत. बँकांमध्ये संगणक आले तेव्हाही कर्मचारी संघटनांनी १९८३ मध्ये करार केला आणि मशीन टप्प्याटप्प्याने आलं. तंत्र तिथेही बदललं आणि कापडाच्या धंद्यातही, पण एका ठिकाणी लेखी करार होता आणि एका ठिकाणी नुसता शब्द. तुझ्या आईच्या हातात काय लेखी आहे, हा म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्याकडे पुढे येतो.

"नवीन कामं निघतात" हे कधी खरं ठरतं आणि कधी नाही, याचं एक उत्तर मला जळगावातच मिळालं. ठिबक बघ. ठिबक येण्याआधी केळीला पाणी द्यायला रात्री-अपरात्री बारे धरणारा सालदार लागायचा. ठिबकने ते काम जवळपास संपवलं. पण पाणी वाचल्यामुळे आधी जिथे बागायत होत नव्हती तिथे केळी उभी राहिली. पाईप बनवायचे कारखाने आले, दुकानं आली, शेतात नळ्या अंथरणारी आणि जोडणारी पोरं आली, टिश्यूकल्चरची रोपं आली, घड वाढले तसं कापणी, भराई, वाहतूक वाढली. वस्तू स्वस्त किंवा सोपी झाल्यावर लोक ती खूप जास्त वापरायला लागले, तर मशीनने घालवलेल्या कामापेक्षा जास्त काम निघतं. डाळीचं तसं नाही. डाळ किलोमागे रुपयाने स्वस्त झाली म्हणून कुणाच्या घरी दोन वाट्या वरण जास्त शिजत नाही. मागणी तेवढीच राहते, तेवढाच माल कमी हातांतून निघतो. म्हणून डाळ मिलच्या निवडीत कामं घटली आणि ठिबकमध्ये वाढली. कुठलंही नवीन तंत्र आलं की आधी हे विचारायचं: हे स्वस्त झाल्यावर लोक जास्त घेतील का? उत्तर "नाही" असेल तर त्या कामावर फार दिवस विसंबू नये.

आणि मशीन म्हणजे लोखंडाचंच असतं असं समजू नकोस. आपल्या भागात बायकांचं सगळ्यात जास्त काम ज्याने घेतलं असेल ते तणनाशकाच्या बाटलीने, असं माझं निरीक्षण आहे. त्याच्यावर कुणी मोर्चा काढला नाही. पूर्वी कपाशीला आणि ज्वारीला निंदणी म्हणजे बायकांच्या टोळीचं आठ-आठ दिवसांचं काम. आता पाठीवर पंप घेतलेला एक माणूस सकाळभरात दोन-तीन एकर मारून मोकळा होतो. शेतकऱ्याला दोष देत नाही, त्यालाही मजुरी परवडत नव्हती आणि वेळेवर टोळी मिळत नव्हती. पण मिलमधून सुटलेल्या बाईला "जाईल शेतात" म्हणणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, हे त्यातून समजतं. कापूस वेचणी मात्र अजून हातानेच होते. आपल्याकडची बोंडं एकाच वेळी फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या होतात, आणि तुकडेही लहान, त्यामुळे वेचणीचं मोठं मशीन अजून घुसलेलं नाही. दिवाळी ते संक्रांत हे काम आहे, चांगल्या वेचणारीला त्यात बऱ्यापैकी मजुरीही पडते. पण ते अडीच-तीन महिन्यांचं. वर्षभराच्या पगाराला तो पर्याय नाही.

आता आईचं. इथून पुढचं बरंचसं परिस्थितीवर आहे: आईचं वय, ती मिलच्या थेट हजेरीवर आहे की ठेकेदाराच्या, पीएफ कापतात की नाही, मिल बारमाही चालते की हंगामी. तू यातलं काही लिहिलं नाहीस, म्हणून सगळं धरून सांगतो.

मशीन येण्याच्या आधी, म्हणजे आजपासूनच, कागद गोळा कर. पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी. वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर ती सलग सेवा धरतात. अशा कामगाराला कमी करायचं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. हे आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेत आणखी एक गोष्ट आलीय: कमी केलेल्या कामगाराला नवीन कौशल्य शिकता यावं म्हणून मालकाने आणखी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. हे वेगळं, आणि पाच वर्षं सेवा झाली की मिळणारी ग्रॅच्युइटी वेगळी. अकरा वर्षं म्हणजे आईचा ग्रॅच्युइटीचा हक्क सरळ आहे. ठेकेदार मध्ये असला तर वाद होतात, म्हणूनच आई त्याच मिलमध्ये काम करत होती हे दाखवणारा प्रत्येक कागद जप. पगार ठेकेदाराने बुडवला तर मूळ मालकाची जबाबदारी राहते, हेही लक्षात ठेव.

पीएफ कापत असतील तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चालू आहे का, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का, ते आत्ताच बघ. आपल्याकडे बायकांचं नाव एका कागदावर माहेरचं, एका कागदावर सासरचं असतं आणि काम सुटल्यावर दुरुस्तीसाठी मिलची सही मिळवायला खेटे पडतात. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की मशीन बसवायच्या आधी मीच बायकांना सांगतो, पासबुक आणि आधार एकदा शेजारी ठेवून वाचून घ्या. ईएसआय (कामगार विमा) असेल तर २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. त्यात काम सुटल्यावर सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मिळू शकते. अटी आणि चालू मुदत ईएसआयच्या कार्यालयात विचारून घे.

हे झालं पैशांचं. कामाचं म्हणशील तर आईने मालकाकडे आत्ताच, चौदा जणींनी मिळून, दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, पॅकिंगमध्ये जागा निघणार असतील तर त्या बाहेरून न भरता याच बायकांना द्याव्यात. मशीन बसल्यावर माल वाढतो आणि छोट्या पिशव्यांचं काम निघतं, हे मी जवळपास प्रत्येक मिलमध्ये पाहिलंय. दुसरी मागणी थोडी धाडसाची आहे: मशीनवर बसायला एका-दोघींना शिकवावं.

याच्यावर लोक हसतात, म्हणून एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मिलमध्ये मी मशीन लावलं. ऑपरेटर म्हणून मालकाने बारावी झालेला एक मुलगा घेतला. मुलगा हुशार, स्क्रीन दोन दिवसांत शिकला. पण रिजेक्टच्या पोत्यात चांगली डाळ जात होती आणि ते त्याच्या लक्षात येत नव्हतं. निवडणाऱ्यांपैकी एक बाई, वय पंचेचाळीसच्या पुढे, शाळा चौथी, झाडू मारताना रिजेक्टमधली मूठभर डाळ तळहातावर पसरून मला म्हणाल्या, "भाऊ, ही डागी नाही. ही नुसती कवळ्या तुरीची आहे, शिजायला चांगली असते. हिला कशाला बाहेर काढता?" मी सेटिंग जरा सैल केलं, त्यांनी पुन्हा मूठ पसरली, पुन्हा सांगितलं. तासाभरात मशीन असं बसलं की माझा स्वतःचा त्यावर विश्वास बसेना. वीस वर्षं सूप हलवताना जी नजर तयार झाली होती ती त्या मुलाकडे नव्हती, आणि माझ्याकडेही नव्हती.

मी मालकाला म्हणालो, यांना बसवा. त्याने तीन अडचणी काढल्या: इंग्रजी येत नाही, मशीन बिघडवतील, रात्रपाळीचं काय? रात्रपाळीला तो मुलगा राहिला. इंग्रजीसाठी मी स्क्रीनच्या कडेला कागदी टेप लावून त्यावर मराठीत लिहिलं: "डाळ सुरू", "हवा", "कडक", "सैल", "पुसणी". आकडे त्यांना येत होतेच. बिघडवायची भीती सगळ्यात जास्त त्यांनाच होती. पहिले आठ दिवस बटण दाबताना त्या पदराला हात पुसून घ्यायच्या. त्या अजून त्याच मिलमध्ये दिवसपाळीला आहेत आणि निवडणारीपेक्षा ऑपरेटरचा पगार बराच जास्त आहे. तेव्हापासून मी मशीन बसवायचं काम घेताना मालकाला आधीच विचारतो की तुमच्या निवडणाऱ्यांपैकी कोणत्या दोघींना शिकवू. दहापैकी सात मालक टाळतात. तीन ऐकतात. सात टाळतात याचं मला मनापासून दुःख आहे, कारण त्यात मशीनचा काही दोष नाही. बाई म्हणजे सूप आणि मुलगा म्हणजे स्क्रीन, हे आपणच ठरवून टाकलंय. बाकीच्या जणींचा प्रश्न या एका जागेने सुटत नाही हेही मला कळतं. पण ती एक जागा तरी त्यांच्यातल्याच एकीला मिळाली पाहिजे.

आता तुझं. आडत दुकानावरच्या तुझ्या दिवसाचे तुकडे करून बघ. बिलावरचे आकडे टॅलीत भरणे, हा एक तुकडा. तो जाणार, आज नाहीतर वर्षा-दोन वर्षांत. पण शेतकऱ्याची पट्टी आणि व्यापाऱ्याचं बिल जुळत नाही तेव्हा तू फोन करून कुठे चूक झाली ते शोधतोस, तो दुसरा तुकडा. पावसाने भिजलेल्या मालाची कटती किती धरायची यावर भांडण झालं की दोघांचं ऐकून नोंद करतोस, तो तिसरा. जीएसटी रिटर्नवर नोटीस आली की काय उत्तर द्यायचं, तो चौथा. सॉफ्टवेअर पहिला तुकडा घेतं. मग मालक विचारतो, उरलेल्या तुकड्यांसाठी माणूस किती वेळ लागतो? तुझं वजन दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या तुकड्यात वाढव. ते सॉफ्टवेअर दुकानात आणायचं ठरलं तर "मी लावतो, मी तपासतो" असं म्हणून पुढे हो. माझ्या अनुभवात नवीन मशीन आल्यावर जो माणूस पहिल्या आठवड्यात त्याच्या बाजूला उभा राहिला, तोच त्याचा माणूस झाला. जो रुसून लांब बसला त्याला नंतर कुणी बोलावलं नाही.

पण मला खरी काळजी तुझ्या मागून येणाऱ्या पोरांची वाटते. पूर्वी नवीन मुलगा दुकानात लागायचा तो बिलं भरायलाच, आणि ते करता करता धंदा शिकायचा. ती खालची पायरीच काढून घेतली तर वर चढणार कुठून? आमच्याकडेही तसंच होतंय. नवीन सॉर्टेक्सला चांगल्या आणि वाईट दाण्याचा नमुना दाखवला की बरंचसं सेटिंग ते स्वतःच करतं. मला जे शिकायला सात-आठ वर्षं लागली त्यातलं निम्मं आता बटणावर आलंय. उरलंय ते हवेचं, धुळीचं, उष्णतेचं, विजेचं, आणि गिऱ्हाईकाला नेमकं काय हवंय ते ओळखायचं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आता आधी कॉम्प्रेसर आणि वायरिंग शिकवतो, स्क्रीन नंतर. कुणी विचारलं तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि त्यानंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप, हेच सांगतो. मशीन जिथे बंद पडतं तिथे माणूस प्रत्यक्ष जावाच लागतो, आणि एमआयडीसीत सीझनच्या वेळी असा माणूस आजही पटकन मिळत नाही.

सोलरचं कुणी सांगेल तर एक गोष्ट ध्यानात घे. साक्रीकडे सोलर आणि पवनचक्क्या आल्या. उभारणीच्या वेळी खड्डे, केबल, वाहतूक यांची पुष्कळ कामं निघतात. एकदा प्रकल्प चालू झाला की थोडे तंत्रज्ञ, पहारेकरी आणि पॅनल धुणारे एवढेच उरतात. त्यापेक्षा शेतातल्या सौर पंपांची दुरुस्ती हे गावोगाव पसरलेलं, वर्षानुवर्षं चालणारं काम आहे. तुझ्या घरातल्या धाकट्या कुणाला हाताने काम करायची आवड असेल तर मी त्या बाजूला बोट दाखवीन.

पुण्याला जायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. आईच्या कामाचा निकाल लागेपर्यंत, म्हणजे मशीन बसून दोन-तीन महिने होईपर्यंत जाऊ नको. त्या काळात घरात एक नक्की पगार लागेल, आणि आईचे कागद फिरवायला एक शिकलेला माणूस लागेल. ती दोन्ही कामं आज तूच करू शकतोस.

आईला माझं एक काम सांग. उद्या मिलमध्ये गेल्यावर मालकाला सरळ विचारू दे, मशीन बसवायला कोण येणार आहे आणि तो किती दिवस थांबणार आहे. बसवणारा माणूस साधारण चार-सहा दिवस तिथे असतो, ट्रायल घेतो, सेटिंग करतो. त्या दिवसांत आईने मजुरीचं काम संपल्यावर तास-अर्धा तास मशीनजवळ उभं राहावं, आणि रिजेक्टच्या पोत्यात हात घालून काय निघतंय ते बघून बोलावं. मी बसवायला आलो तर ऐकेन. दुसरा कुणी आला आणि त्याने हाकललं तर मला कळव, या धंद्यातली बहुतेक माणसं माझ्या ओळखीची आहेत. आणि आईचं वय, पीएफ आणि ठेकेदाराचं काय ते लिही, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.